खेळाडू मुलींचा खुबा आणि तोल: आधी मोजा, मग हात लावा

खो-खोत खांबाला वळसा घालताना, कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे परत फिरताना, ज्युदोत समोरच्या खेळाडूला पाठीवर घेताना एका क्षणी सगळं वजन एकाच पायावर येतं. त्या क्षणी कंबर आडवी, सरळ रेषेत धरून ठेवायचं काम खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू करतात. त्यांत मुख्य ग्लुटिअस मिडियस. तो कमी पडला की उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते, टेकलेल्या पायाची मांडी आत वळते आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेच्या आत पडतो. उड्या मारण्याच्या आणि झटक्यात वळण्याच्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण गुडघा असा आत पडणं हे त्यांतलं सरावाने बदलता येणारं कारण आहे.

हाताच्या उपचाराने नेमकं काय होतं हे आधी स्पष्ट हवं. दाबल्याने स्नायू लांब होत नाही आणि 'गाठ फुटत' नाही. दुखणं कमी होतं, मेंदूकडून येणारा आखडून धरण्याचा आदेश थोडा सैलावतो, सांधा काही अंश जास्त फिरतो. हा फरक काही मिनिटं ते फार तर एक-दोन दिवस टिकतो. तेवढ्या वेळात त्या स्नायूला काम दिलं तरच तोल सुधारतो. मुलीला बाकावर झोपवून अर्धा तास चोळलं आणि घरी पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी येतं. म्हणून क्रम असा ठेवा: मोजणं, दहा मिनिटं हात, पुन्हा मोजणं, आणि लगेच व्यायाम.

पुढची माहिती फिजिओथेरपिस्ट, त्यांचे विद्यार्थी आणि शाळा-तालमीतले प्रशिक्षक यांच्यासाठी आहे. मोजणं आणि व्यायाम प्रशिक्षकांनी जरूर घ्यावेत. हाताचं काम शिकलेल्या माणसाचं. सांधा ओढणं आणि जांघेजवळचं काम तर फिजिओनेच करावं.

हात लावण्याआधी

खुबा, कुल्ला, जांघ या जागा मुलीसाठी संकोचाच्या आहेत. कुठे हात लावणार, का लावणार, किती वेळ लावणार हे आधी सांगा आणि तिचा होकार घ्या. १८ वर्षांखालच्या मुलीच्या पालकांचाही होकार हवा. उपचार करणारा पुरुष असेल तर खोलीत दुसरी स्त्री असलीच पाहिजे. काम ट्रॅकपँटवरून करता येतं, कपडे काढायची गरज नाही. जो भाग दाबायचा नाही त्यावर चादर टाका. थांबवायचा एक शब्द आधीच ठरवून घ्या. बेळगाव-खानापूरच्या मैदानावर मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुली एकत्र असतात, तेव्हा 'साकु' हा शब्द सोपा पडतो, तो दोघींनाही कळतो. तो शब्द आला की हात उचलायचा, 'अजून थोडंच' म्हणायचं नाही.

'कुठं दुखतं?' विचारलं की बहुतेक मुली 'कंबर' म्हणतात. त्या कंबरेत पाठीचा खालचा भाग, कुल्ला आणि खुबा सगळंच येतं, म्हणून एका बोटाने जागा दाखवायला सांगा. बोट खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर गेलं तर तिथल्या स्नायूंच्या टोकांचा त्रास असू शकतो. अंगठा मागे आणि बोटं पुढे अशा पंजाने तिने खुबा धरून दाखवला, किंवा जांघेत बोट घातलं, तर सांध्याचा विचार आधी करा. कुल्ल्यापासून पोटरीखाली कळ जात असेल तर पाठीच्या मणक्याची तपासणी झाल्याशिवाय कुल्ला दाबू नका.

काही मुलींना अजिबात हात लावायचा नाही, थेट डॉक्टरांकडे पाठवायचं. पळायला लागलं की जांघेत दुखणं वाढतं, आठवड्यागणिक ते लवकर सुरू होतं, त्यात पाळी तीन महिने किंवा जास्त चुकलेली आहे, वजन उतरलं आहे: इथे मांडीच्या हाडाच्या मानेला तडा गेल्याची शंका धरा. तिला उडी मारायला लावून खात्री करू नका. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. निपाणी, चिकोडी किंवा खानापूरच्या खेड्यातून त्यासाठी बेळगाव-कोल्हापूर गाठावं लागलं तरी गाठा, कारण हे हाड सरकलं तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

१० ते १६ वयाची मुलगी लंगडते, कधी फक्त गुडघाच दुखतो म्हणते, आणि मांडी पोटाकडे वाकवताना पाय आपोआप बाहेर वळतो. तिथे वाढीच्या वयात खुब्याच्या हाडाचा गोल भाग घसरल्याची शक्यता असते. तिला त्याच दिवशी, त्या पायावर भार न देता न्या. आठवडेच्या आठवडे लंगडणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं म्हणजे खुब्याच्या क्षयाची तपासणी हवी. एका पोटरीला अचानक सूज येऊन ती गरम लागत असेल तर ती चोळायची नाही. रक्ताची गुठळी असू शकते.

खेड्यात 'शीर चढली', 'खुबा सरकला' म्हणून पाय हिसडून देण्याची पद्धत अजून आहे. वरच्यांपैकी काहीही असेल तर तो एक हिसका महागात पडतो. आईवडिलांना हे रागावून नव्हे, नीट बसवून समजावा.

मोजणं

लागतं काय? मोजपट्टी, मोबाइलचा कॅमेरा, खडू, चार टिकल्या. कंबरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांच्या मध्यावर तिने स्वतः टिकल्या लावाव्यात. कपड्यावर टिकली टिकली नाही तर चिकटपट्टीचा तुकडा चालतो. कॅमेरा समोर तीन मीटरवर, कंबरेच्या उंचीला.

पहिली चाचणी: अनवाणी एका पायावर ३० सेकंद. कंबरेवरच्या दोन टिकल्यांची रेघ तिरपी होते का पाहा. काही मुली कंबर झुकू नये म्हणून सगळं धडच टेकलेल्या पायाकडे कलवतात. तीही कमजोरीच आहे.

दुसरी: साधारण २० सेंमीच्या पायरीवर एका पायाने उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला अलगद लावायची, सावकाश पाच वेळा. पहिल्या दोन वेळा गुडघा नीट राहतो आणि चौथ्या-पाचव्याला आत पडतो, असं झालं तर ताकदीपेक्षा दम कमी आहे.

तिसरी: इंग्रजी वाय आकारावर पाय पोहोचवणं. सारख्या चौकोनी फरशा असतील तर कोन मोजावा लागत नाही. चार फरशा जिथे मिळतात तिथे तिला एका पायावर उभं करा, मागच्या दोन रेषा फरशांच्या सांध्यांवरून जातात, आणि पुढची रेषा समोरच्या फरशीच्या कर्णावरून. पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर अशा तिन्ही दिशांना मोकळा पाय जितका जाईल तितका न्यायचा, बोट टेकवून वजन न टाकता परत आणायचा. टेकलेली टाच उचलली, हात कंबरेवरून सुटले किंवा तोल गेला तर ती खेप बाद. आधी चार ते सहा खेपा सरावाच्या, मग तीन मोजायच्या, त्यांतली सर्वांत लांबची धरायची.

पायाची लांबी उताणं झोपवून कंबरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. तिन्ही अंतरांची बेरीज भागिले लांबीच्या तिप्पट, गुणिले १००. लांबी ८० सेंमी आणि अंतरं ५८, ८६, ८० असतील तर २२४ भागिले २४०, म्हणजे साधारण ९३ टक्के. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉल खेळाडूंवरच्या २००६ च्या अभ्यासात, पुढच्या दिशेला डाव्या-उजव्यात ४ सेंमीहून जास्त फरक असलेल्यांना आणि एकूण ९४ टक्क्यांखालच्या मुलींना पायाच्या दुखापती जास्त झाल्या होत्या. हे आकडे आपल्या खो-खोच्या मुलींना जसेच्या तसे लावू नका. मुलीची तुलना तिच्याच दुसऱ्या पायाशी आणि तिच्याच मागच्या महिन्याशी करा.

चाचणीची जागा दर वेळी तीच हवी. जूनमध्ये खानापुराकडे पाऊस धरला की तांबड्या मातीवर पाय घसरतो आणि अंतरं कमी येतात; मग तोल बिघडला असा खोटाच निष्कर्ष निघतो. शाळेच्या व्हरांड्यातली कोरडी शहाबादी फरशी बारा महिने सारखी असते.

चौथी, एका मिनिटाची: पालथं झोपवा, गुडघे जुळवून काटकोनात वाकवा आणि दोन्ही पावलं बाहेर पडू द्या. ज्या बाजूचं पाऊल कमी पडतं त्या बाजूचे मागचे खोल स्नायू आखडलेले असतील किंवा सांध्याची ठेवणच तशी असेल.

पाचवी ताकदीची: कुशीवर झोपवून वरचा पाय सरळ, किंचित मागे आणि वर उचलायला सांगा, घोट्याच्या वर हात ठेवून पाच सेकंद खाली दाबा. पाय दाबाखाली पुढे सरकून आत वळला तर ग्लुटिअस मिडियसऐवजी टेन्सर फॅसिया लाटा काम करतोय. हा पुढच्या खिशाजवळचा लहान स्नायू आहे, पुढे त्याला टीएफएल म्हणू.

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात. बोटाला कडक लागणारा प्रत्येक स्नायू आखूड नसतो. ग्लुटिअस मिडियस बहुतेक वेळा थकून कडक झालेला असतो. तो ताणला तर कंबर आणखी झुकते. सांधा पूर्ण फिरतोय पण ताकद कमी आहे, तर ताणणं नको. सांधा कमी फिरतोय आणि शेवटाला ताण जाणवतोय, तिथे ताणण्याला अर्थ आहे.

दहा मिनिटं हात

एका बैठकीत जास्तीत जास्त दोन स्नायू. पाच ठिकाणी दाबलं तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही. दाबाचं माप तिच्याकडून घ्या: दहापैकी पाच-सहा इतकंच दुखावं, श्वास अडता कामा नये. दाबण्यासाठी तेल नको, बोट घसरतं.

टीएफएलपासून सुरुवात करणं बरं, कारण तो सैलावल्याशिवाय ग्लुटिअस मिडियस कामाला लागत नाही असं वारंवार दिसतं. मुलगी कुशीवर, खालचा गुडघा वाकलेला, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी. उशी विसरू नका. वरची मांडी आत लोंबली तर बाहेरच्या स्नायूंची टोकं हाडावर दाबली जातात. कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून दोन-तीन बोटं खाली आणि जरा मागे बोटं ठेवा, तिला मांडी आत वळवायला सांगा. बोटाखाली उठतो तो टीएफएल. एका अंगठ्यावर दुसरा ठेवून कोपर सरळ करा आणि अंगाचं वजन हळू सोडा. नुसत्या अंगठ्याच्या जोराने दाबाल तर वर्षभरात अंगठाच जाईल. ३० ते ६० सेकंद थांबा. दुखणं सहावरून तीनवर आलं की सोडा, असं तीनदा. मग दाब अर्धा करून ठेवा आणि तिला गुडघा सावकाश पोटाकडे नेऊन परत सरळ करू द्या, आठ-दहा वेळा. मांडीच्या बाहेरची जाड पट्टी, आयटी बँड, मात्र रगडू नका. ती हाताने लांबत नाही, फक्त मुलगी कळवळते.

ग्लुटिअस मिडियस शोधायला नर्स खुब्यात इंजेक्शन देताना जी खूण वापरतात तीच वापरा. उजव्या खुब्यासाठी डावा हात: तळव्याचा मऊ भाग बाहेरच्या उंचवट्यावर, तर्जनी पुढच्या टोकदार हाडाकडे, मधलं बोट मागे फाकवून कंबरेच्या कडेकडे. दोन बोटांमधल्या त्रिकोणात स्नायूचा पुढचा भाग येतो, मागचा भाग त्याच्या मागे कडेच्या खालून. इथे वाकवलेल्या बोटांच्या पेरांनी दाबा, कोपर फक्त सराव असलेल्यांनी वापरावं. कडेपासून खुब्याच्या उंचवट्याकडे येत तीन-चार दुखऱ्या जागा शोधा, प्रत्येकी ३० ते ६० सेकंद. उंचवट्यापासून दोन बोटं अलीकडेच थांबा, त्या हाडावर कधी दाबू नका. दाबून झाल्यावर स्नायूला लगेच जागं करा: पाय सरळ, टाच किंचित मागे, तुमच्या हाताविरुद्ध वर ढकलायचं, पाच सेकंद, सहा वेळा. हे करायला एक मिनिटही लागत नाही. ते टाळलं तर आधीची पाच मिनिटं वाया जातात.

मागचे खोल स्नायू, म्हणजे पायरिफॉर्मिस आणि त्याचे शेजारी, आखडले असतील तर दाबण्यापेक्षा ढकल-सैल पद्धत सुरक्षित. पालथं झोपवा, गुडघा काटकोनात. एका हाताने माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी स्थिर धरा, दुसऱ्याने पाऊल बाहेर जाऊ द्या, जिथे ताण सुरू होतो तिथे थांबा. आता तिने पाऊल आतल्या बाजूला तुमच्या हाताविरुद्ध ढकलायचं, पूर्ण जोराच्या साधारण २० टक्के, सहा सेकंद. श्वास सोडत सैल. तीन-चार सेकंदांनी पाऊल आपणहून जितकं बाहेर जाईल तितकंच न्या. तीन ते पाच फेऱ्या. मुली हमखास पूर्ण जोर लावतात; 'दोन बोटांनी दार लोटल्यागत' असं सांगितलं की माप जमतं. गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर पावलाला धरून रेटू नका, तो पीळ गुडघ्यात जातो. दाबायचंच असेल तर त्रिकास्थी ते खुब्याचा उंचवटा या रेषेच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात. आतल्या बाजूला सायटिक नस जवळ आहे. पायात मुंग्या किंवा विजेसारखी चमक आली की जागा चुकली.

खुब्याचे पुढचे स्नायू: बाकाच्या कडेला बसवून मागे झोपवा, एक गुडघा तिने छातीशी धरायचा, दुसरी मांडी बाकाबाहेर सोडायची. मांडी आडव्या रेषेच्या वर राहिली तर आखडलेली. तीच २० टक्क्यांची पद्धत: मांडी वर ढकलायची सहा सेकंद, सैल, मग खाली, चार फेऱ्या. पाठीची कमान झाली की ताण मणक्यात गेला, छातीशी धरलेला गुडघा आणखी जवळ घ्या. पोटातून सोआस (कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा खोल स्नायू) दाबण्याच्या चित्रफिती पाहून ते करू जाऊ नका. जांघेच्या मध्यावर धमनी, नस आणि लसिकेच्या गाठी आहेत, तिथे दाब नाहीच. मांडीच्या आतल्या स्नायूंचं काम मांडीच्या मधल्या भागात, शक्यतो तिच्याच हाताने किंवा रोलरने करून घ्या.

सांधा ओढणं फक्त फिजिओसाठी. उताणी स्थिती, मांडी साधारण ३० अंश वर आणि ३० अंश बाहेर, किंचित बाहेर वळलेली. गुडघा सैल असेल तर पकड गुडघ्याच्या वर. हिसका नाही, अंग मागे झुकवून दहा सेकंद ओढ, पाच वेळा. सांध्यांचा सैलपणा मोजणाऱ्या बेटन चाचणीत ९ पैकी ५ किंवा जास्त गुण असलेल्या मुलीचा सांधा ओढू नका. तिचे सांधे आधीच सैल आहेत, तिला फक्त ताकद हवी.

आता पायरी आणि वाय पुन्हा घ्या. १-२ सेंमीचा फरक पट्टी धरण्यातूनही येतो, त्यावर खूश होऊ नका. गुडघ्याची रेघ सुधारली, दुखणं कमी झालं, तर जागा बरोबर होती. दोन बैठकींत काहीच बदललं नाही तर स्नायू बदला, घोटा तपासा. जुना मुरगळलेला घोटा पुढे वाकत नसेल तर पुढच्या दिशेचं अंतर खुबा कितीही दाबला तरी वाढत नाही.

लगेच भार

हात काढल्यापासून दहा मिनिटांच्या आत व्यायाम सुरू व्हावा. कुशीवर झोपून पाठ आणि टाच भिंतीला लावून पाय वर सरकवणं. भिंतीमुळे पाय पुढे पळत नाही आणि टीएफएल चोरी करू शकत नाही. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून गुडघा सरळ ठेवत दुसऱ्या बाजूची कंबर खाली सोडणं आणि वर उचलणं. सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं घोट्यांभोवती घालून अर्धवट बैठकीत आडवं चालणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यात तीन दिवस, निदान सहा ते आठ आठवडे. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण गुडघा आत गेला की मोजणं तिथेच थांबवा.

तोलाचा सराव दर वेळी दहा मिनिटं. आधी फरशीवर, मग चार घड्या घातलेल्या घोंगडीवर, मग मान डावी-उजवीकडे फिरवत, मग चेंडू झेलत. डोळे मिटून उभं राहण्यावर फार दिवस घालवू नका, खेळात डोळे उघडे असतात. त्यापेक्षा लवकर खेळाकडे वळा. खो-खोवाल्या मुलीने बसलेल्या स्थितीतून उठून पहिलं पाऊल टाकून एका पायावर दोन सेकंद थांबावं. चढाई करणारीने पायाचा स्पर्श करून तिथेच तोल धरावा. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या आशियाई खेळांत ५२ किलो गटाचं कांस्यपदक घेतलं त्या कुराशमध्ये, म्हणजे ज्युदोसारख्या कुस्तीत, जमिनीवरची लढत नसते, सगळं उभ्याने चालतं. अशा खेळांत फेक मारायला आत शिरतानाचं एका पायाचं वळण सावकाश, जोडीदाराशिवाय, प्रत्येक बाजूला दहादा करून घ्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी खोल दाब देऊ नका. तो भाग एक-दोन दिवस ठणकतो आणि मुलगी नकळत पाय राखून पळते. सामन्याआधी लांबलचक ताणणंही नको. ट्यूब घालून पंधरा पावलं आडवं चालणं, एका पायाच्या पाच बैठका, दोन-चार उड्या मारून गुडघे वाकवत शांत उतरणं, एवढं पुरतं. पाळीच्या दिवसांत व्यायाम थांबवायचं कारण नाही, फक्त पोटात कळा असतील तर पालथं झोपवू नका, कुशीवर काम करा. पाळीची तारीख ती स्वतः वहीत लिहीत असेल तर चुकलेले महिने वेळेवर दिसतात.

दाबलेल्या जागी काळंनिळं पडलं तर दाब जास्त झाला. पुढच्या वेळी निम्मा करा आणि डाग जाईपर्यंत तिथे हात नको. रात्री झोपमोड करणारं दुखणं, जांघेत नवी कळ किंवा लंगडणं सुरू झालं तर पुढची बैठक रद्द करून तिला डॉक्टरांना दाखवा. सगळं नीट चाललं असेल तर पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा हात, पुढे एकदा, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर फक्त व्यायाम. सहाव्या आठवड्याला त्याच फरशीवर, त्याच चार टिकल्या लावून, सगळ्या चाचण्या पुन्हा घ्या.